सुपडू मास्तर उभा राहिला

सुपडू मास्तरला बसून क्लॅरिनेट वाजवता येत नाही. उभ्यानंही नाही. चालतानाच येतं. चाळीस वर्षं बुऱ्हाणपुरात नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजवत चालला, आता पाय थांबले का सूर थांबतो. घरी सराव करायचा तरी अंगणात येरझारा. "पाव चले तो राग चले," हे त्याचं पेटंट वाक्य. राग त्याला एक ओळखता येत नाही, ते सोडा.

मी त्याचा शेजारी. तिसरी नापास. पन्नास वर्षं पावरलूम चालवला म्हणून जरा मोठ्यानं बोलतो, पण खोटं बोलत नाही.

आमच्या गल्लीतली नंदा मोठ्या शहरात जॅझ गाते. तिला इथंच, गल्लीत मांडव घालून लोकांसमोर गाऊन रेकॉर्ड काढायची होती. साथीला लहानपणी ऐकलेला सुपडूचाच वरातीचा बँड पाहिजे. मी विचारलं, "बाई, जॅझ म्हणजे काय असतं?"

"काका, ठरलेलं गाणं सोडून मनानं हिंडायचं, अन् वेळेवर परत यायचं."

म्हटलं, हे तर सुपडू रोजच करतो. घोडा बिचकला का करावंच लागतं.

तालमीला रेकॉर्डिंगवाल्यानं त्याला खुर्चीत बसवलं. नुसती फूक निघाली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "चाचा, बैठ के नहीं होता तो दूसरा बुला लेंगे."

सुपडू क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवायला लागला. मी उठलो. "दुसरा आणशील तर मांडव माझ्या ओट्यासमोर लागणार नाही. बघ मग!"

नंदा हसली. "सुपडूकाका चालतील. माइकचं आपण बघू."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सारी गल्ली लोटली. मधे नंदा गात होती, मागे ढोल आणि ट्रंपेट, आणि बँडचा लाल कोट घालून सुपडू मांडवाला फेऱ्या मारत होता. काय वाजवलं म्हणता! माझी मान उगाच ताठ झाली.

पण दर फेरीला एका जागी तो मुका व्हायचा. रेकॉर्डिंगवाल्याला वाटलं, ही मोठी कला असावी. तो मान डोलवत होता. मला माहीत होतं. ती त्याच्या घराची खिडकी. आजाऱ्याच्या दारासमोर वाजवायचं नाही, ही बँडवाल्यांची रीत. आणि आत खाटेवर कमलवहिनी. दोन वर्षं झाली, लकवा मारलाय.

तिसऱ्या फेरीला खिडकीच्या गजावर स्टीलचा ग्लास वाजला. ठण ठण ठण.

"अहो! साऱ्या गावाच्या पोरींच्या दारी वरात वाजवत नेली, अन् माझ्या दारी आलं का मुके होता?"

नंदानं गाणं थांबवलं. हातानं ढोलही थांबवला.

सुपडूनं पाय जुळवले. खिडकीकडे तोंड करून जागचा न हलता उभा राहिला, आणि वाजवलं.

टाळ्यांसाठीचा माइक तिथंच होता, म्हणून रेकॉर्डवर सारं आलंय. ग्लास, वहिनीचं रागावणं, मग एकटं क्लॅरिनेट. मधे कोणी खोकतं, तो मी आहे. डोळे भरले का मला खोकला येतो. नंदाला सांगून ठेवलं, काढायचा नाही.

आता सुपडू रोज संध्याकाळी त्या खिडकीशी उभा राहून वाजवतो. परवा मी छेडलं, "मास्तर, 'पाव चले तो राग चले'चं काय झालं?"

त्यानं क्लॅरिनेट पुसलं. "वरात पोचली ना, भाऊ," म्हणाला.