कावळ्याला ‘चुकलं’ चालेना

काकांच्या दहाव्याला युवराजला मिळण्यासारखं बरंच होतं. पालीतल्या रस्त्यावरचा पत्र्याचा इंग्रजी क्लास, त्यातली बाकं, फळा, काकांची हातांची खुर्ची, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘सर’. गमावण्यासारखं काहीच नव्हतं. त्या बदल्यात फक्त एक कावळा खाली उतरवायचा होता.

अट काकूंची, वत्सलाबाईंची. काकांना, म्हणजे मोहनराव मास्तरांना, एक मुलगी मंगल आणि हा पुतण्या, दोघंही इंग्रजी शिकलेले. काकूंनी सकाळीच क्लासची किल्ली कमरेला खोचली आणि बजावलं, “ज्याच्या बोलण्यावर कावळा शिवंल, क्लास त्येचा. त्येंचं मन कुणात अडकलंय ते त्येच दावतेल.”

बिंदुसरेच्या धरणाकाठी पिंड मांडले. वारा पडलेला. पाण्यावर एक सुरकुती नाही. एरवी माणसाच्या हातातली भाकर पळवणारे पालीचे कावळे त्या दिवशी कुठे गेले कोण जाणे. एकच उरला होता, बाभळीवर. मान तिरकी करून एका डोळ्यानं बघत होता. काका चष्म्यावरून उत्तरपत्रिका बघत, अगदी तसा.

“काका, क्लास नीट चालवीन,” युवराज म्हणाला. कावळा हलला नाही.

“आप्पा, आईला मी बघीन,” मंगल म्हणाली. तरीही नाही.

ऊन चढलं. शेवटी शेजारचा बिभीषण, मेंढरं राखणारा, पुढे झाला. “मास्तर, तुमच्या हरभऱ्यात माझी मेंढरं शिरलती. चुकलं.”

कावळ्यानं पाठ फिरवली.

“‘चुकलं’ म्हणलेलं त्येंला कदी चाललंय का?” वत्सलाबाई पुटपुटल्या.

खरं होतं. आपला माणूस सगळं ‘चुकलं’च्या एकाच पोत्यात भरतो आणि पोतं दुसऱ्याच्या दारात ठेवतो, असं मास्तर म्हणत. इंग्रजीत प्रत्येक चुकीला वेगळा कप्पा. ठाऊकच नव्हतं म्हणून झाली, ती एरर. ठाऊक असून झाली, ती मिस्टेक. नुसता हात नाहीतर जीभ घसरली, ती स्लिप. आणि जिचं खापर आपल्याच डोक्यावर फोडून घ्यावं लागतं, ती फॉल्ट. कप्पा चुकला की मास्तर माफी परत करत.

बिभीषणनं कप्पा बदलला. “मिस्टेक, मास्तर. तिकडं हरभरा हाय हे ठाव होतं. तरी डोळा लागला.”

कावळा एक फांदी खाली उतरला. बिभीषणच्या हातातली काठी गळून पडली.

“आप्पा, तुमचा चष्मा मांजरानं न्हाई पाडला,” मंगल पुढे येऊन म्हणाली. “माझ्या हातून सुटला. स्लिप.”

कावळा जमिनीवर आला. पिंडापासून हातभर. आता सगळ्यांच्या माना युवराजकडे वळल्या, कारण कावळ्याचीही वळली होती.

“माझं काय न्हाई,” युवराज म्हणाला. कावळा दोन उड्या मागे सरकला. “बरं, एरर! परीक्षेच्या टायमाला पोरांना मी उलटं शिकवलं. मलाच येत नव्हतं.”

कावळा दोन उड्या पुढे आला आणि थांबला.

“पुढं?” काकूंनी विचारलं.

“पालक भांडाया आले तवा… काकांनीच शिकवलं, त्येंला आता कळत न्हाई, असं बोलून गेलो. स्लिप झाली.”

कावळा भुर्रकन बाभळीच्या शेंड्यावर.

“जीभ घसरली म्हणं!” बिभीषण म्हणाला. “घरोघर जाऊन घसरली का बे?”

“मिस्टेक! मिस्टेक म्हणा!” युवराज वर बघून ओरडला. शेंड्यावर काहीच हललं नाही.

“लई पुस्तकं उपसली रे त्येंनी,” वत्सलाबाई हलकेच म्हणाल्या. “मी कुठं वाकडं शिकवलं, म्हणून. जाईस्तोवर शोधत व्हते.”

युवराजनं मान खाली घातली. “फॉल्ट,” तो म्हणाला. “माझी. काकांची न्हाई.”

डोक्यावरून सावली गेली. त्यानं मान वर केली तेव्हा कावळा पिंडावर होता.

वत्सलाबाईंनी शब्द पाळला. किल्ली त्याच्या हातात ठेवली. पण अर्ध्या गावानं सगळं ऐकलेलं. आता आपल्याकडे पोरं कोण धाडणार? मिळाली ती रिकामी बाकं, हे समजून युवराजनं दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर बाकं भरलेली. पोरगं एक नव्हतं. सगळी बाप्ये-बायामाणसं. पहिल्या बाकावर बिभीषण.

“तू कावून आलास?”

“घरात म्हातारी हाय, सर. तिच्या दहाव्याआधी शिकून ठिवलेलं बरं.”

क्लास तेव्हापासून जोरात आहे. मास्तरांचं नाव धुऊन निघालं, बिभीषणचं ओझं उतरलं, मंगल आता मांजराच्या डोळ्याला डोळा देऊ शकते. किंमत मोजली ती एकट्या युवराजनं, आणि तो अजून मोजतोय. खिडकीत कावळा बसलेला असतो, मान तिरकी करून. फळ्यावर चुकीचा शब्द पडला की गजावर चोच आपटतो. मोहनराव मास्तर दुपारच्या तासाला निदान डुलकी तरी काढायचे. हा डोळाच मिटत नाही.