हातात धरून पाहणे आवश्यक

कुनिहिको इगाराशी यांनी बावीस वर्षांच्या नोकरीत गावासाठी सात पंप, दोन टाक्या आणि अकरा किलोमीटर नळ निवडले होते, आणि त्यातलं काहीही अजून गळत नव्हतं. तेव्हा मासे धरायची एक काठी निवडायला आपल्याला कुणाची मदत लागेल, ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटत होती. दुकानदाराला विचारून घ्या, असं त्यांची बायको मित्सुए जेवताना म्हणाली, तेव्हा त्यांनी मिसो सूपचा वाडगा शांतपणे खाली ठेवला.

"दुकानदार विकतो," ते म्हणाले. "निवडतो मी."

या निवडीमागे एक जुनं दुखणं होतं. दुखण्याचं नाव शुंझो, मित्सुएचा थोरला भाऊ. हिबारा तळ्यातला बास मासा मोठा शिष्ट. बोटभर रबरी किडा गळाला लावून तळाशी सोडला, तर तो झडप वगैरे घालत नाही. पाहुण्यांकडचं लोणचं चाखावं तसा नुसता ओठाला लावतो आणि पटलं नाही तर थुंकतो. तेवढ्यात ती चाहूल केसासारख्या दोरीतून आणि काठीच्या टोकातून आपल्या हाताला लागली पाहिजे. मागल्या वर्षी इगाराशी समुद्रावरची जुनी काठी घेऊन गेले होते. ती झाडूच्या दांड्याएवढी जाड होती, आणि तिच्यातून हाताला फक्त होडी आपटल्याचं कळायचं. शुंझोला अकरा मासे लागले. इगाराशींना एकही नाही. ही हकीकत शुंझोने नव्या वर्षाच्या जेवणात सांगितली, आत्या गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीत भिक्षूंसमोर सांगितली, आणि पुतणीच्या लग्नात तर माइक हातात घेऊन सांगितली. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या रविवारची होडी त्याने पुन्हा सांगून ठेवली होती. "दाजी, या वेळी निदान बसायला तरी या," असं फोनवर म्हणाला होता.

स्वस्त काठी घेतली असती तर शुंझो हसला असता. महाग घेतली असती तर मित्सुए हसली नसती. वीस हजार येनच्या वर गेलात तर काठीबरोबर तळ्यावरच मुक्काम करा, असं तिने आधीच सांगितलं होतं. राहिला मधला भाव. मधल्या भावात कॅटलॉगमध्ये अडतीस काठ्या निघाल्या. सोमवारपर्यंत इगाराशींनी त्यांच्या दोन केल्या, आणि त्या दोनांत ते अडकून पडले.

पंप निवडताना ते जे करत तेच त्यांनी केलं. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या संगणकावर, दोन रकान्यांचा तक्ता बनवला. पण सरकारी कागदावर खासगी काम करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून तत्त्व सांभाळायला त्यांनी 'काठी' हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. वर 'निवड: दुसरा मसुदा' एवढंच लिहिलं, आणि काठ्यांना नुसतं 'अ' आणि 'ब' म्हटलं.

कागद छापायला दिला, आणि तेवढ्यात शाळेजवळ नळ फुटल्याचा फोन आला. इगाराशी टोपी घालून धावले. कागद मशीनवर राहिला.

पाणीपुरवठा विभागात इगाराशी उपप्रमुख. त्यांच्या हाताखाली दोन माणसं वर्षाच्या करारावर होती. निहेईबाई चाळिशीच्या, चणीने बारीक, कामाला तरतरीत; आवाज चढवून कुणी बोललं तर मात्र त्यांचे डोळे भरून यायचे. वाकुई पंचावन्न वर्षांचे, आडव्या अंगाचे, पोट चांगलं पुढे आलेलं. फोन सहा वेळा वाजल्याशिवाय तो आपल्याच टेबलावरचा आहे हे त्यांना कळत नसे. पुढच्या वर्षी दोघांपैकी एकालाच ठेवणार, आणि कुणाला ते इगाराशींच्या शब्दावर ठरणार, अशी कुजबूज महिनाभर चालू होती.

कागद निहेईबाईंना सापडला. त्यावर असं होतं:

'अ. बांधा बारीक. वजन नगण्य. जराशा हालचालीचीही लगेच जाणीव. मात्र टोकाला फार हळवेपणा. भार आल्यास मोडण्याचा संभव. अवजड कामास निरुपयोगी.

ब. कणा मजबूत. ओढाताण सोसण्याची ताकद. मात्र जाणीव उशिरा. पुढचा भाग जड, त्यामुळे दिवसअखेर त्रास.

प्रत्यक्ष चाचणी: शनिवार, दोन वाजता. हातात धरून पाहणे आवश्यक. अंतिम मंजुरी: मित्सुए.'

निहेईबाईंनी तो दोनदा वाचला. मग त्या पायऱ्यांवर जाऊन थोडा वेळ बसल्या. नंतर परत येऊन त्यांनी तो वाकुईंना दाखवला, कारण एकटीने वाचणं त्यांना अन्यायाचं वाटलं. वाकुई बराच वेळ 'पुढचा भाग जड' या ओळीकडे पाहत होते. मग त्यांनी डब्यातलं तळलेलं कटलेट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून विभागात कामाची लाट आली. पाण्याचे मीटर भरलेली खोकी तळघरातून निहेईबाई एकट्या वर आणू लागल्या, एका वेळी दोन. कुणी मदतीला गेलं की दात आवळून "मला काही होत नाही" म्हणायच्या. वाकुई फोन वाजायच्या आधीच उचलत. कुणी खुर्ची सरकवली तरी ताडकन उभे राहत. दुपारी जेवायच्या वेळी ते इमारतीभोवती पळताना दिसायचे, टाय खांद्यावर टाकून. इगाराशींना वाटलं, आरोग्य सप्ताह असेल. आपल्याला परिपत्रक कसं आलं नाही, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

शुक्रवारी टाकीवर जाताना गाडीत वाकुईंनी विषय काढला. एखाद्याची जाणीव मुळात कमी असेल तर ती पुढे वाढवता येते का, असं त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं. इगाराशींची कळी खुलली. म्हणजे वाकुईसुद्धा मासे धरतात तर.

"नाही हो," ते मनापासून म्हणाले. "ते घडवतानाच ठरतं. मागाहून काही करता येत नाही."

"पुढचं वजन कमी केलं तर?"

"त्याने मनगटाला बरं वाटतं. पण मूळ स्वभाव काही बदलत नाही."

परतीच्या वाटेवर वाकुई पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना गाडी लागली असावी, असा इगाराशींनी निष्कर्ष काढला.

संध्याकाळी निहेईबाईंनी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. दोन्ही हात समोर धरून, वाकून, त्या म्हणाल्या, "साहेब, तो कागद माझ्या पाहण्यात आला."

इगाराशींचे कान तापले. ऑफिसच्या शाईवर खासगी काम, आणि तेही बावीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोठ्या साहेबांच्या कानावर घालू नका. हे माझं खासगी आहे."

"खासगी?"

"निर्णय माझा एकट्याचा. म्हणजे, शेवटी मित्सुएला विचारावं लागेलच."

"उद्या ठरणार?"

"उद्या. एक या हातात, एक त्या हातात घेऊन जरा हलवून बघणार. त्याशिवाय कळत नाही."

निहेईबाईंचे डोळे भरून यायला लागले होते, पण त्यांनी पाणी परतवलं. "आणि समजा भार सोसला नाही तर?"

"वर्षाची हमी असते ना," इगाराशी धीर देत म्हणाले. "वर्षात मोडलं तर बदलून दुसरं मिळतं. त्यापुढे मात्र टाकून द्यायचं."

शनिवारी दोन वाजता इगाराशी कामाता यांच्या गळ-काठ्यांच्या दुकानात उभे होते. उजव्या हातात अ, डाव्या हातात ब. डोळे मिटून ते दोन्ही काठ्या आळीपाळीने हलवत होते, आणि म्हातारे कामाता टोकं छताच्या दिव्याला लागू नयेत म्हणून स्टुलावर चढून दिवा धरून उभे होते. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वाकुईंचा होता.

आम्ही दोघं आलो आहोत, पण ऑफिसचं दार बंद आहे, असं ते म्हणत होते.

"दोघं कोण?"

"अ आणि ब," वाकुई म्हणाले.

इगाराशींनी काठ्या कामातांच्या हातात दिल्या, त्यामुळे कामातांना दिवा सोडावा लागला. दिव्याचं काय झालं हे बघायला ते थांबले नाहीत.

ऑफिसच्या पायऱ्यांवर दोघं शेजारी उभी होती. निहेईबाई मुलाखतीच्या काळ्या सूटमध्ये. वाकुईंनीही सूट घातला होता, पण तो मधे लागत नव्हता, म्हणून त्यांनी पोटासमोर बॅग धरली होती. निहेईबाईंच्या हातात तो कागद होता, चार घड्या घातलेला. इगाराशींनी तो उलगडला आणि पहिल्यांदाच, त्या दोघांच्या समोर उभं राहून, वाचला. 'पुढचा भाग जड' पर्यंत पोचले तेव्हा त्यांना पायऱ्यांवर बसावं लागलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. शुंझो, झाडूचा दांडा, लग्नातला माइक, काही वगळलं नाही. सांगून झाल्यावर ते गुडघ्यांवर हात ठेवून कपाळ हातांना लागेपर्यंत वाकले.



"म्हणजे मी मोडणारी नाही," निहेईबाई म्हणाल्या.

"तुम्ही मुळात काठीच नाही."

"चार दिवसांत मी एकतीस खोकी वर आणली."

"मी साडेतीन किलो उतरलो," वाकुई म्हणाले, आणि हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं की कमाई म्हणून, ते कळलं नाही.

जिचे दोष आपल्या माथी आले ती काठी निदान बघावी तरी, असं दोघांनाही वाटत होतं. तिघं दुकानात गेली. कामातांनी काच झाडून घेतली होती. कपाटाआडून दोरीचं टोक धरून कुणीतरी हलकेच ओढायचं आणि इगाराशींनी डोळे मिटून ओळखायचं, अशी परीक्षा ठरली. ओढायला निहेईबाई उभ्या राहिल्या. अ हातात असताना त्यांचा श्वाससुद्धा कळत होता. ब हातात असताना दहातले चार झटके कळले.

"गळ दगडात अडकला तरी ब खेचून काढते," वाकुई म्हणाले. आवाज साधा होता, पण मान लाल झाली होती.

"अडकेपर्यंत पत्ताच लागत नाही, असंही म्हणता येईल," निहेईबाई कपाटाआडून म्हणाल्या.

इगाराशींच्या लक्षात आलं, आपण इथून अ घेऊन निघालो तर वाकुईंकडे सोमवारी बघता येणार नाही, आणि ब घेतली तर निहेईबाईंकडे. बावीस वर्षांत कुठल्याही पंपाने त्यांना असं पेचात टाकलं नव्हतं. ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथली हिरव्या रंगाची एक काठी उचलली. कॅटलॉगमध्ये तिला त्यांनी पहिल्याच दिवशी काट मारली होती. भाव मधला होता. तिच्याबद्दल कुणाचंच काही मत नव्हतं.

"ही द्या," ते म्हणाले. कामातांनी ती कागदात गुंडाळताना एकदा तोंड उघडलं. दुकानदाराला काय कळतं, म्हणून इगाराशींनी ते ऐकून घेतलं नाही.

रविवारी तळ्यावर धुकं होतं, भोवतालचे डोंगर लाल झाले होते, आणि शुंझोला चौदा मासे लागले. बारावा होडीत घेताना त्याने काठीकडे पाहिलं आणि ही तर ओढ्यातल्या ट्राउट माशांसाठी असते, दाजी, असं बऱ्याच सौम्यपणे सांगितलं. नोव्हेंबरात शुंझोच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी लग्न होतं.

सोमवारी सकाळी इगाराशी लवकर गेले. दोघांना ठेवावं, असं पत्र मोठ्या साहेबांना लिहायचं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. कागद शोधायला टेबलावरचे कॅटलॉग बाजूला केले, तर खाली आस्थापना विभागाचं पाकीट निघालं. तारीख एक ऑक्टोबर. निहेई आणि वाकुई, दोघांचीही मुदत वाढवण्यात आली आहे. संबंधितांना त्वरित कळवावे. कळवण्याची जबाबदारी: उपप्रमुख इगाराशी.

त्यांनी दोघांना ताबडतोब कळवलं. फक्त पाकीट आजच आल्यासारखं धरलं, तारखेवर अंगठा ठेवून. वाकुई खुर्चीत बसले आणि डबा उघडून सकाळी नऊ वाजता कटलेट खाऊ लागले. निहेईबाईंनी या वेळी डोळ्यांतलं पाणी परतवलं नाही. रुमालाने पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि साहेब, तुमची ती हिरवी कशी निघाली?"

इगाराशींनी पाकीट खणात ठेवलं.

"दिसायला चांगली आहे," ते म्हणाले.