रामनाथच्या लग्नातले टायर

सासऱ्यांच्या जीपला मोठे टायर घालावेत, हे मी जेवताना, तोंडात घास असताना बोललो. सासुरवाडीत माझं बोलणं एरवी कोणी मनावर घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

माझे सासरे केसरीनाथ म्हणजे पूर्णा गावचं बडं प्रस्थ. भातशेती आणि गवताचा धंदा. गवत वाहायला त्यांनी मिलिटरीच्या लिलावातून एक जीप आणली होती. जीप चांगली होती, पण बुटकी. शेतातून जाताना बांध आडवा आला की तिचं पोट बांधावर टेकायचं आणि ती तिथेच झुलत राहायची. मग सगळ्यांनी उतरून ढकलायचं. गवताची त्याला काही हरकत नसायची. पण आता माझा मेहुणा रामनाथ याचं लग्न दापोड्याच्या मुलीशी ठरलं होतं आणि मुलीकडच्यांनी मांडव घातला होता रस्त्यालगतच्या शेतात, बांधापलीकडे.

"नवरदेव बांधावर लटकला तर काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"टायर मोठे घाला," मी म्हणालो.

सासऱ्यांनी भाकरी मोडायची थांबवली. "जावय, तुमाला टायरमधलं कलतं?"

(मला टायरमधलं काही कळत नाही. मी निजामपुऱ्यात एका कापड व्यापाऱ्याकडे कारकून. लूमवरून आलेल्या कापडाचा पन्ना, म्हणजे रुंदी, मोजून घेणं हे माझं काम. पण पन्ना मोठा असला की माल भारी, एवढं मला पक्कं ठाऊक होतं आणि टायरचंही तसंच असणार, असं मी धरून चाललो.)

"थोडंफार," मी म्हणालो.

बायकोनं, म्हणजे काशीनं, माझ्याकडे पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाल्यावर बायका अशा वेळी बोलत नाहीत, नुसत्या वाट बघतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा खाटेवर पेपर वाचत होते.

"चाचा, बडा टायर चाहिये."

"कितना बडा?"

"सबसे बडा जो आयेगा."

"गाडी कौनसी है?"

"जीप. अभी सहा-सोळा है."

चाचांनी मला साडेसहा इंच रुंदीचा दाखवला, मग सातचा, मग साडेसातचा. साडेसातचा टायर जवळजवळ माझ्या कमरेला आला. जाडजूड रबर, त्यावर हातभर वाटाव्यात अशा खाचा. त्याच्यापुढे साडेसहाचा टायर सायकलचा वाटायला लागला.

"ये जीप में बैठेगा?" मी विचारलं.

"बैठेगा तो," चाचा म्हणाले. "आगे आपकी मर्जी."

या वाक्याचा उत्तरार्ध मी नीट ऐकायला हवा होता.

टायर पूर्ण्याला गेले, चढवले गेले आणि जीप एकदम उंच झाली. सासरे तिच्याभोवती फिरून आले. "गारी हाय का मचाण हाय?" ते म्हणाले, पण खूश दिसत होते. मी जीप शेतात घातली आणि सरळ बांधावर नेली. पोट न टेकता ती अलगद पार झाली. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना मी डावीकडून भलामोठा वळसा घेतला. उजवीकडून घेतला असता तर सगळं तिथंच निस्तरलं असतं.

"जावय, लग्नाला गारी तुमीच चालवा," सासरे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी बाकी वऱ्हाड ट्रकमधून पुढे गेलं. जीपमध्ये माझ्या शेजारी मुंडावळ्या बांधलेला रामनाथ, मागे करवली म्हणून काशी आणि घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या आक्का. आक्कांना जीपमध्ये चढवायला गवताच्या गंजीची शिडी लावावी लागली. रामनाथच्या तोंडात आक्कांनी विडा कोंबला होता आणि मांडवात पोचेपर्यंत तो काढायचा नाही, असं बजावलं होतं.

फाट्यावर पहिलं उजवं वळण आलं. वळण ऐसपैस होतं, तरी चाकातून घर्र असा आवाज आला आणि रबर जळल्याचा वास सुटला.

"अहो, हा कसला आवाज?" काशीनं विचारलं.

"नवे टायर आहेत. आवाज करणारच."

खरं काय ते मला पुढं कळलं. टायर रुंद झाल्यामुळे उजवीकडे थोडं जास्त वळवलं की पुढचं चाक आत, त्या बाजूच्या जरा बाहेर आलेल्या स्प्रिंगला जाऊन अडत होतं. शिवाय चाकं जड झाल्यामुळे ब्रेक दाबला तरी जीप लगेच थांबत नव्हती. आपला वेळ घेऊन थांबत होती.

दापोड्याचा मांडव दिसला. रस्त्याच्या उजव्या हाताला. तोंडाशी ओवाळायला बायका उभ्या, सनई सुरू झालेली. मी उजवीकडे चाक वळवलं. घर्र झालं, चाक अडलं आणि जीप मांडवावरून सरळ पुढे गेली. रामनाथनं जाता जाता सगळ्यांना नमस्कार केला.

"थोडी मागे घेतो," ब्रेक लागल्यावर मी म्हणालो.

"नवऱ्याची गारी मागं न्हाय घ्यायची," आक्का म्हणाल्या. "अपशकुन होतो."

"मग चालत जाऊ. दोन पावलांवर आहे."

"ओवाळल्याबिगर त्याचा पाय भुईला न्हाय लागाचा."

प्रश्न संपला. पुढे डाव्या हाताला गावाचं तळं होतं. डावीकडे जीप मजेत वळायची. तळ्याला वळसा घालून मी पुन्हा मांडवाच्या अलीकडे त्याच रस्त्याला आलो आणि आपण चुकलो हे माझ्या लक्षात आलं. त्याच रस्त्यानं, त्याच दिशेनं आल्यावर मांडव पुन्हा उजवीकडेच येणार होता. आला. ओवाळणाऱ्या बायका या वेळी रस्त्यापर्यंत पुढे आल्या होत्या, त्या भराभर बाजूला झाल्या. सनईवाला मध्येच थांबला. रामनाथनं पुन्हा नमस्कार केला.

आता मांडवात बोलणं सुरू झालं असावं. नवरदेव दोनदा दारावरून जातो आणि नमस्कार करून निघून जातो, याचा अर्थ दापोड्यानं एकच काढला. नवरदेव रुसला.

तळ्याच्या वळणावर मुलीचा भाऊ तुळशीराम सायकल मारत जीपच्या बरोबरीला आला. तो घामानं निथळत होता.

"दाजी, आमचं काय चुकलं?" त्यानं रामनाथला विचारलं.

रामनाथच्या तोंडात विडा. त्यानं काही चुकलं नाही अशा अर्थानं मान हलवली. तुळशीरामला ती नाराजीची वाटली. त्याचा चेहरा पडला.

"त्याचं काही नाही," मी इंजिनाच्या आवाजावर ओरडलो. "वळत नाही."

"काय मिळत न्हाय?"

मला वाटलं, कशामुळे वळत नाही असं तो विचारतोय. "टायर," मी म्हणालो. "टायरमुळे."

"टायर पायजेत?"

"हे टायर नकोत. आधीचे बरे होते."

तुळशीरामनं सायकल वळवली आणि तो मांडवाकडे सुसाट गेला. बिचाऱ्याचा समज असा झाला की रामनाथला लग्नात टायर हवेत, आणि तेही ठरावीक मापाचे.

मी जीप मांडवाच्या अलीकडे कशीबशी थांबवली. काशी मागून शांतपणे म्हणाली, "अहो, मुहूर्त टळला तर बाबा तुम्हाला काही बोलणार न्हाईत. मलाच बोलतील. मीच तुम्हाला सांभाळून घ्यायला हवं होतं." त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. मांडवात रामनाथची नवरी हळदीच्या अंगानं बसली होती आणि माझ्या पन्न्याच्या हिशोबापायी तिचा नवरा तिच्या दारात येऊन अडला होता.

थोड्या वेळानं मांडवातून माणसं बाहेर आली. पुढे तुळशीराम, मागे दोघेजण एकेक चाक लोटत. मुलीच्या वडिलांचीही लिलावातलीच जीप होती. तिची पुढची दोन चाकं त्यांनी टायरसकट काढून आणली होती. प्रत्येक चाकाला हळदीकुंकू लावलं होतं, वर नारळ ठेवून आणायचा प्रयत्न केलेला दिसत होता, पण लोटताना तो टिकला नसावा.

"दाजी, राग सोडा," तुळशीराम हात जोडून म्हणाला. "मागची दोन चाकं जेवणं झाल्यावर देतो."

मी तोंड उघडलं. काशीनं मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी तोंड मिटलं.

रामनाथला वरच बसवून त्यांनी जीपची पुढची चाकं बदलली. आता पुढची चाकं लहान, मागची मोठी. जीप नाकावर वाकली. आक्का पुढच्या सीटच्या पाठीला घट्ट धरून बसल्या. पण मी चाक फिरवलं आणि जीप उजवीकडे वळली. बांध ओलांडून, खाली मान घालून ती मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. सनई पुन्हा सुरू झाली. म्हातारी माणसं एकमेकांना सांगत होती, पूर्ण्याची माणसं रीतीची आहेत, त्यांची गाडीसुद्धा वाकून येते.

लग्न वेळेवर लागलं. सासऱ्यांना आतलं काही कळलं नाही. व्याह्यांकडून टायर मिळाले म्हणून ते उलट खूशच होते.

जेवणाच्या वेळी मात्र गंमत झाली. सोयऱ्यांची पंगत मांडवात बसली आणि मला एका माणसानं हाताला धरून मागच्या बाजूला, बँडवाल्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं. मी काही म्हणेपर्यंत पानात भात पडला होता. (भूकही लागली होती.) शेजारी ताशेवाला होता. त्यानं मला विचारलं, दुसरीकडे चांगली नोकरी लागत नाही का.

तेवढ्यात नवरीची आई ठमाबाई काशीला घेऊन तिकडे आली. लांबूनच तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाय, ह्यो डायवर तुमी कुठून ठेवलाव?"

काशीनं माझ्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आम्ही न्हाय ठेवला, मावशी," ती म्हणाली. "बाबांनी बघून दिलाय."