निघालं हाये, पोचाचं हाये

ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर ही घोषणा मी माझ्या कानांनी ऐकलेली आहे.

"नागपूरहून येणारी साधी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी, रक्ताच्या कॅन्सरच्या एका जातीवर गोळी निघाली आहे. आरमोरी, गडचिरोलीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी चढताना घाई करू नये."

फलाटावर कोणी मानसुद्धा वळवली नाही. माझ्या शेजारी तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत उभ्या असलेल्या गृहस्थाने तेवढं विचारलं, "कितव्या फलाटावर म्हनलं जी?" तो गाडीबद्दल विचारत होता की गोळीबद्दल, हे मला आजही ठाऊक नाही.

माइकवर होते खोब्रागडेभाऊ, आमच्या स्थानकाचे कंट्रोलर. खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, आणि चष्म्याच्या एका दांडीच्या जागी सुतळी. मी तेव्हा आरमोरीहून रोज ब्रह्मपुरीच्या कॉलेजात भूगोल शिकवायला येत असे. पृथ्वी वेळेवर फिरते हे दिवसभर मुलांना सांगायचं आणि संध्याकाळी एस.टी. वेळेवर का फिरत नाही हे खोब्रागडेभाऊंकडून समजून घ्यायचं, असा माझा क्रम होता. माणूस एरवी इकडच्या झाडीबोलीत बोलायचा, पण माइक हातात आला की भाषा इस्त्री केल्यासारखी कडक व्हायची.

या घोषणांमागचं कारण सगळ्या स्थानकाला माहीत होतं. त्यांच्या बायकोला, शेवंताबाईंना, स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि खोब्रागडेभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, की यावर अजून खास औषध निघालेलं नाही. दुसरा कोणी असता तर तिथेच मटकन खाली बसला असता. हे कंट्रोलर. आयुष्यभर 'निघाली का?' आणि 'नाही निघाली' या दोन वाक्यांवर त्यांचं पोट भरलेलं. ते उलट हुरूप धरून परतले.

"सर, डॉक्टर रद्द नाई म्हनला," त्यांनी मला सांगितलं. "निघालं नाई म्हनला. रद्द वेगळं अन् निघालं नाई वेगळं."

एस.टी.च्या व्याकरणात हे बरोबरच होतं. तेव्हापासून जगातलं प्रत्येक औषध त्यांच्या लेखी कुठल्यातरी दूरच्या डेपोतून सुटलेली गाडी झालं. सकाळी नागपूरच्या गाडीतून पेपरचे गठ्ठे उतरत. एजंट येण्याआधी भाऊ त्यातला एक उलगडून आतल्या पानावरची संशोधनाची बातमी गाठत. रेडिओवरच्या आरोग्याच्या कार्यक्रमाला तर ते कान लावूनच बसत. बातमी कुठलीही असो, शेरा ठरलेला: "निघालं हाये, पोचाचं हाये."

त्यांनी कॅन्सरच्या प्रकारांचं वेळापत्रकही लावलं होतं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरला ते जलद 'सुपर' गाडी म्हणत. रस्ता चांगला, बरीचशी पोरं सुखरूप उतरतात. स्तनाचा म्हणजे साधी गाडी, वेळेवर धरली तर फारशी भीती नाही, आणि त्यातल्याही एका जातीवर आता निराळं इंजेक्शन निघालेलं. जबड्याच्या कॅन्सरचा विषय निघाला की ते समोरच्या पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत घोटल्या जाणाऱ्या खर्र्याकडे बघत आणि म्हणत, "ते गाडी आपन सोताच पंक्चर करतो." ठेलेवाला त्यांचा चुलतभाऊ होता. दोघांत त्यावरून अबोला होता.

आणि स्वादुपिंडाचा?

"भामरागडची," भाऊ म्हणत. "तेबी पावसाळ्यातली."

इकडच्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. पावसाळ्यात भामरागडच्या अलीकडे नदी पुलावरून वाहते आणि गाडी तिकडच्या तिकडे अडकते. पण स्थानकाच्या फळ्यावरून भामरागड कोणी पुसत नाही. पूर उतरला की ती येते.

या छंदाचा सर्वाधिक जाच औषध कंपन्यांच्या एम.आर. मंडळींना झाला. टाय लावलेला, बॅगेच्या वजनाने एका अंगाला झुकलेला तरुण नागपूरच्या गाडीतून उतरला, की भाऊ चौकशीच्या खिडकीमागून बाहेर. "स्वादुपिंडाचं काई?" बिचाऱ्याच्या बॅगेत खोकल्याचं औषध. काही दिवसांनी ही मंडळी अलीकडच्या चौकातच उतरून पायी गावात जाऊ लागली. माइकवरच्या घोषणांबद्दल वरून लेखी विचारणा झाली, तेव्हा भाऊंनी उत्तर दिलं की त्या प्रवाशांच्या सोयीसाठी आहेत. साहेबांनी यावर काय करावं हे न सुचून विषय सोडून दिला.

शेवंताबाई दुपारी डबा घेऊन यायच्या आणि खिडकीखालच्या बाकाच्या टोकाला बसायच्या. अंग पार सुकलेलं, पण जीभ शाबूत. नवऱ्याने नवी बातमी सांगितली की म्हणायच्या, "तुमच्या गाड्या कधी टाइमावर आल्या जी?" आणि भाऊ डब्यात तोंड घालायचे. त्या सबंध स्थानकात त्यांना निरुत्तर करणारं तेवढं एकच माणूस होतं.

मग उन्हाळ्यात तानाबाईचं प्रकरण घडलं. नदीकाठच्या एका खेड्यातली ही एकटी म्हातारी. तिला रक्ताचा कॅन्सर सांगितला होता. तिने बाजाराच्या दिवशी ती गोळीची घोषणा ऐकली आणि दुसऱ्या दिवशी भाकर बांधून स्थानकावर येऊन बसली. नागपूरची गाडी आली की उठायची, कंडक्टरला विचारायची, "गोळी आली का, बापा?" कंडक्टर पार्सलं उलटीपालटी करून नाही म्हणायचा. ती परत बसायची. मी सकाळी उतरलो तेव्हा ती तिथे होती, संध्याकाळी आलो तेव्हाही तिथेच होती.

शेवटी भाऊ खिडकीमागून बाहेर आले आणि तिच्यापुढे उकिडवे बसले. ती गोळी इथवर येत नाही, तिला घ्यायला नागपूरला जावं लागतं, असं त्यांनी तिला समजावलं.

"तं मंग निघाली काऊन म्हनलं?" तानाबाईने विचारलं.

उत्तर आलं बाकाच्या टोकावरून.

"मी बी उद्या नागपूरलेच जातो, बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "आज घरी चाल माह्या. सकाळी सोबत जाऊ. ते येत नाई तं आपन वाटेत गाठू तिले."

दोघी गेल्या. तपासण्या झाल्या, हेलपाटे झाले, आणि तानाबाईचा कॅन्सर नेमका त्याच गोळीच्या जातीचा निघाला. कुठल्याशा योजनेतून गोळी मिळण्याची सोयही झाली. त्या दिवशी दोघी गोळ्या घेऊन नागपूरच्या गाडीतून उतरल्या तेव्हा भाऊ माइकवर होते. "गोळी ब्रह्मपुरी स्थानकावर पोचलेली आहे," ते म्हणाले. माइक मात्र चालूच होता. साऱ्या स्थानकाने त्यांचं नाक ओढणं ऐकलं. शेवंताबाई बाकावर टेकत म्हणाल्या, "चाला, एकीची तं आली."

पावसाळ्यात शेवंताबाई गेल्या. भामरागडचा रस्ता तेव्हा बंद होता.

भाऊ दिवस करून कामावर आले आणि घोषणा बंद झाल्या. म्हणजे गाड्यांच्या चालू होत्या, त्याही अगदी नियमाप्रमाणे, आणि मला त्या ऐकवेनात. एम.आर. लोक पुन्हा स्थानकावर उतरू लागले. कोणी त्यांना अडवत नव्हतं. सारं स्थानक शहाणं झाल्यासारखं झालं होतं आणि मला त्याचा राग येत होता.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी एक नवाच पोरगेला एम.आर. उतरला. खिडकीमागचं दार वाजलं. भाऊ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"स्वादुपिंडाचं काई?"

"अजून नाही, काका," तो गोंधळून म्हणाला.

भाऊंनी मान डोलावली आणि त्याला जाऊ दिलं. माझ्याने राहवलं नाही. आता कशाला विचारता, असं मी बोलून गेलो.

"सर," ते चष्म्याची सुतळी सारखी करत म्हणाले, "एक पॅसेंजर थांबू शकली नाई. पन म्हनून कंट्रोलर खिडकी लावून घरी जाते का? दुसरं कोनी उभं असन ना कुठी."

त्याच वेळी तानाबाई आली. गोळ्या आणायला अधूनमधून नागपूरला जायची तेव्हा आदल्या दिवशी येऊन ती भाऊंकडेच मुक्काम करत असे. तिने पिशवी ठेवली आणि बाकावर बसली. खिडकीखालचं टोक मोकळं सोडून बसली. मी पाहिलं, तिथे कोणीच बसत नव्हतं. गर्दी होती, लोक उभे होते, पण ती वीतभर जागा स्थानकाने सोडून दिली होती.

"भाऊ," तानाबाईने विचारलं, "तिचं निघालं का जी?"

भाऊ आत जाऊन खुर्चीत बसले. माइक खरखरला आणि भाषा इस्त्री करून बाहेर आली.

"भामरागडहून येणारी गाडी उशिराने धावत आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी, गाडी रद्द झालेली नाही."

भामरागडची गाडी समोर फलाटावर उभी होती. ती त्या दिवशी वेळेवर आलेली होती.