माझा हातगुण

"बाबा, उद्या दोन तास तुम्ही बाहेर कुठेतरी फिरून या," असं सूनबाई म्हणाली आणि त्याच क्षणी मी घरी थांबायचं ठरवलं. (मला कुणी 'जा' म्हटलं की माझे पाय जड होतात. फक्त शाळेतून मी कुणी म्हणायच्या आत गेलो, चौथीतच.)

कारण होतं नातीचे फोटो. नात अकरा दिवसांची. मी तिला गाठोडं म्हणतो, घरात कुणाला आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणतो. फोटोवाली बाई फक्त तान्ह्या बाळांचे फोटो काढणारी. तिचं म्हणणं असं की, पोटात असल्यासारखं मुटकुळं करून बाळ झोपतं ते पहिले दोन आठवडेच. एकदा हातपाय ताणायला शिकलं की तो फोटो पुन्हा मिळत नाही. आणि तिची पुढची मोकळी तारीख महिन्यानंतरची. सूनबाईनं अख्खा नववा महिना या एका फोटोच्या आशेवर ढकलला होता.

बाई आली ती टोपली, मऊ फडकी, हीटर आणि 'शूऽऽ' असा आवाज करणारं एक यंत्र घेऊन. खिडक्या बंद, पडदे बंद, हीटर चालू. दहा मिनिटांत आम्ही सगळे वाफेवर ठेवल्यासारखे झालो. गाठोडं मात्र टक्क जागं. तिकीट तपासनिसासारखं एकेकाकडे बघत होतं.

तास गेला. सूनबाईचे डोळे भरून आले.

"आज नाहीच झोपली तर?"

"जागेपणीचे काढू की," बाई म्हणाली. "मुटकुळ्याचा मात्र विसरा."

"मी झोपवतो," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा," आमची ही म्हणाली. (हे वाक्य तिनं लग्नात माहेरून आणलंय.)

पण मी काही उगाच बोललो नव्हतो. अडतीस वर्षं माझं सलून होतं आणि माझ्या चंपीनं न झोपलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. एकदा एक इन्स्पेक्टर चोराच्या मागावर दुकानात शिरला आणि माझ्या खुर्चीत घोरायला लागला. चोर शेजारच्या खुर्चीत दाढी करून गेला.

"बाळाच्या टाळूला हात लावायचा नाही," हिनं बजावलं.

"मग आधी दुसऱ्यावर दाखवतो."

मुलाला खाली बसवला. तीन मिनिटांत आडवा.

"हा पुरावा नाही," सूनबाई म्हणाली. "हा आमच्या लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा झोपलाय."

"माझी मान सकाळपासून धरलीय, काका," फोटोवाली म्हणाली. "माझ्यावर बघा." ती स्टुलावर बसली, कॅमेरा मांडीवर. चौथ्या मिनिटाला तिचं डोकं भिंतीला टेकलं आणि यंत्राच्या 'शूऽऽ'मध्ये तिचं 'घर्रऽ' मिसळलं.

आता सूनबाईला पटलं. तिनं एका बोटाची परवानगी दिली, तीही साबणानं दोनदा धुतलेल्या. भुवयांच्या मधून नाकाच्या शेंड्यापर्यंत मी ते बोट हळूच फिरवलं. सातव्या खेपेला गाठोड्याचे डोळे मिटले. सूनबाईनं श्वास रोखून तिला टोपलीत ठेवलं. गुडघे पोटाशी, गाल तळहातावर. हवं होतं अगदी तसं.

"बाबा," ती कुजबुजली, "तुमच्या हातात जादू आहे."

इतक्या वर्षांत या घरात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मला भरूनच आलं.

"आता बाईंना उठवा. अगदी हळू."

इथे घात झाला. चंपीनंतर गिऱ्हाईक उठवायची माझ्या दुकानात एकच रीत. अडतीस वर्षं तीच. टॉवेल कानाशी झटकायचा आणि हाक मारायची. माझा हात कामाला लागला की डोक्याला विचारत नाही. घाम पुसायला टॉवेल खांद्यावर होताच.

फटाक्.

"चला, पुढचे."

फोटोवाली स्टुलावरून उडाली. मुलगा डोळे न उघडताच "झालंच सर, पाठवतो" म्हणाला. आणि गाठोड्यानं असा सूर लावला की खालच्या मजल्यावरच्यांनी आपलंच काही चुकलं समजून टीव्ही बंद केला. सूनबाई तिला उचलून घेऊन नुसती रिकाम्या टोपलीकडे बघत राहिली. ते मात्र मला लागलं. हिनं दाराकडे बोट दाखवलं. या वेळी माझे पाय हलके होते.

मी जिन्यात बसलो. पाच मिनिटांत रडणं थांबलं. मग बराच वेळ आतून फक्त कॅमेऱ्याची कटकट. शेवटी दार उघडलं, सूनबाईचा चेहरा फुललेला.

"मिळाला, बाबा."

"झोपवलं कसं?"

"काहीच नाही केलं. तुम्ही बाहेर गेलात, ती झोपली."

आठवड्यानं फोटोवालीचा फोन आला. माझ्या हाताची तिनं इतकी तारीफ केली की मी फोन स्पीकरवर टाकला. घरच्यांनाही कळू दे. (ही भाजी निवडायची थांबली, म्हणजे ऐकत होती.)

"माझ्याबरोबर कामाला याल का, काका?"

"येईन की," मी छाती काढून म्हणालो. "बाळं झोपवावीत तर मीच."

"बाळांचं मी बघते हो," ती म्हणाली. "पण प्रत्येक घरात एक आजोबा असतात. त्यांना तेवढं झोपवा."