आधी काच, मग डबा

आमच्या शेजारच्या खोलीतल्या सोनटक्केनं पातेल्याआधी झाकण विकत घेतलं होतं. जाड काचेचं, स्टीलची कड असलेलं, मधोमध वाफेसाठी भोक असलेलं देखणं झाकण. ते आठ महिने खिळ्याला टांगलेलं होतं. मग एका शनिवारी वर्तमानपत्रात गुंडाळून, बसनं, तो ते पुण्याला बोहरी आळीत घेऊन गेला आणि दुकानादुकानातली पातेली त्याच्याखाली धरून पाहत हिंडला. एकही नीट बसलं नाही. संध्याकाळी मी सहानुभूती दाखवायला गेलो, तर म्हणाला, "झाकणात काही खोट नाही सर. तसलं पातेलंच अजून निघालं नाही."

मी त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी सर. तसा तो कुत्र्यालाही सर म्हणाला असता. आयटी पार्कातल्या एका कंपनीत तो दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा आणि मी दुसऱ्या एका कंपनीत, कोणीही वाचत नाही अशी माहितीपत्रकं लिहायचो. दोघंही पार्काला लागून, मुळशी तालुक्यातल्या माण गावी, ज्ञानोबातात्यांच्या आठ खोल्यांच्या चाळीत राहत होतो. तात्यांची बरीचशी जमीन पार्कात गेली, आलेल्या पैशांतून खोल्या झाल्या, आणि खोल्यांच्या मागं गोठा मात्र तसाच राहिला. त्यामुळे आमच्याकडे इंटरनेट आणि शेणाचा वास एकाच खिडकीतून येत असे.

सोनटक्केचं खरं वेड कॅमेऱ्याचं. कॅमेऱ्याचं म्हणणं चुकीचं आहे, लेन्सचं. त्याच्याकडे तीन लेन्स होत्या. त्यांना तो काच म्हणायचा. लांबरुंद देखावा टिपणारी ती 'रानाची काच', मधली 'रोजची काच', आणि चेहऱ्यांसाठीची 'माणसांची काच'. तिन्ही अव्वल दर्जाच्या, आणि तात्यांच्या अंदाजानं तिघींची मिळून दोन दुभत्या म्हशींइतकी किंमत. या काचा तो ज्या कॅमेऱ्याला लावायचा तो मात्र कोणा सहकाऱ्यानं टाकून दिलेला होता. बॅटरीचं झाकण रबरबँडनं धरलेलं, पकडीचं रबर निघालेलं. राजाच्या पगडीखाली रोजगार हमीवरचा मजूर असावा, तसं ते दिसायचं.

"आधी काच घ्यायची सर," तो सांगायचा. "डबा काय, येतंय की मागून. डबा दोन वर्षांत जुना होतो. काच जन्मभर पुरते."

डबा म्हणजे कॅमेरा. साधासुधा नव्हे, फुल-फ्रेम. त्याचं शास्त्र त्यानं मला इतक्या वेळा समजावलं की मी झोपेत व्याख्यान देऊ शकेन. चांगली काच आत मोठं गोल चित्र पाडते. जुन्या डब्यातला सेन्सर लहान, तो त्यातला मधला तुकडाच उचलतो. चारी कडा वाया जातात. मोठ्या सेन्सरचा डबा आला की काच जेवढं पाहते तेवढं सगळं हाती लागेल. तोवर काढलेला प्रत्येक फोटो त्याच्या लेखी अपुरा. तो कधी छापायचा नाही, दाखवायचा नाही. कोणी फारच मागं लागलं तर म्हणायचा, "कापलेला आहे सर. डबा आला की दाखवतो."

यात तथ्य होतं, हे मला मान्य करावं लागतं. पुढं मी जाणत्या लोकांना विचारलं, तर तेही म्हणाले की पैसा आधी लेन्सवर घालावा. फक्त ते लोक लेन्स घेतल्यावर दोन-तीन वर्षांत कॅमेराही घेतात. सोनटक्केचा कॅमेरा दर वर्षी येता येता राहायचा, कारण दर वर्षी नवीन मॉडेलची बातमी यायची आणि आता थोडक्यासाठी जुनं कशाला घ्यायचं, असा विचार तो करायचा.

मला गंमत वाटायची ती हे शास्त्र त्यानं उरलेल्या आयुष्यालाही लावलं याची. मोटरसायकलच्या आधी हेल्मेट आलं. ते घालून तो सहा आसनी रिक्षात बसायचा. गादी आली, पलंग नाही. खोलीला खिडकी एकच होती आणि ट्रंकेत पडदे तीन खिडक्यांचे होते, निळे, बारीक पांढऱ्या फुलांचे. तात्यांच्या बायकोनं, काकींनी, एकदा ते वाळत घातलेले पाहिले.

"आवो सोनटक्के, खिडकी एक आन् पडदं तीन?"

"दोन खोल्या घ्यायच्यात काकी. हिला खिडक्या लागतात."

ही म्हणजे वंदना, त्याची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली होती. ती परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या बाजूच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कायमची नोकरी, त्यामुळे सोडवत नव्हती. पुणे जिल्ह्यात बदली मिळावी म्हणून दर वर्षी अर्ज जायचा. आपसी बदलीचाही मार्ग होता, पण त्यासाठी पुणे जिल्हा सोडून परभणीला जायला उत्सुक असलेला शिक्षक हवा, आणि असा शिक्षक सहा वर्षांत निपजला नव्हता. सुट्ट्यांत सोनटक्केच तिकडे जायचा. बदलीबद्दल विचारलं की ज्या आवाजात नव्या मॉडेलबद्दल सांगायचा त्याच आवाजात म्हणायचा, "नवीन आदेश निघायलाय सर. यंदा होऊन जातंय."

दर रविवारी तो काचा तपासायला निघायचा. माझ्याकडे स्कूटर होती, म्हणून माझी मैत्री. तपासायला सपाट भिंत लागते, तिच्यावर बारीक अक्षरं असली तर उत्तम. मग कोपऱ्यातली अक्षरं मधल्याइतकीच ठसठशीत येतात का, ते पाहायचं. आणि अशा भिंती कुठे असतात? जिल्हा परिषदेच्या शाळांना. पाढे, बाराखडी, महाराष्ट्राचा नकाशा. कासार आंबोली झाली, रिहे झालं, त्याच्या पुढच्या वाड्यावस्त्या झाल्या. रविवारी बंद असलेल्या शाळेसमोर हा तिपाई उभी करायचा, सतराचा पाढा टिपायचा, मग उगाचच शाळेला चक्कर मारायचा. मी झाडाखाली पुस्तक वाचत बसायचो. परतताना वही काढून काहीबाही लिहायचा. मी समजायचो, काचेचे गुण-दोष.

त्या काळात मुळशीत तीन पायांवर काही उभं राहिलं की लोकांना एकच गोष्ट समजायची, मोजणी. एका वस्तीवर म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले नि सोनटक्केच्या कानाशी वाकून म्हणाले, "सायेब, रस्ता शाळंच्या हिकडनं का तिकडनं?" सोनटक्केनं प्रामाणिकपणे सांगितलं की मी फक्त पाढे पाहतोय. म्हातारा समजूतदारपणे हसला. "व्हय व्हय. सांगायचं नसतंय तुमाला." पुढच्या रविवारी तिथल्या दोन वावरांना नवं तारेचं कुंपण होतं.

ही बातमी तात्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एका सकाळी ते आमच्या दारात. "सोनटक्के, आयतवारी पार्टी येनार हाय खालची पट्टी बघाया. तुमचं ते तीन पायांचं घटकाभर बांधावर उभं करा की."

"तात्या, ते खोटं होईल."

"आता? तुमी काय बोलूच नका. नुसतं डोळा लावून हुबं ऱ्हावा. लई बोलनारा सरकारी मानूस कुनाला खरा वाटत न्हाई."

सोनटक्के गेला नाही. तात्या महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. त्या महिन्यात काकी मात्र त्याला रोज ताकाचा तांब्या पाठवत होत्या, तोही तात्यांच्याच हातून.

सहाव्या वर्षी, भाऊबीज झाल्यावर, वंदनावहिनी पाच दिवसांसाठी पहिल्यांदाच माणला आल्या. सोनटक्केनं आधी दोन दिवस खोली धुतली. एका खिडकीवर तिन्ही पडदे एकामागं एक लावून पाहिले, त्यामुळे खोलीत दुपारी बारालाही दिवा लावावा लागला. वहिनी सावळ्या, ठेंगण्या, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजाच्या. मी तोंडदेखला पाहुणचार करायला गेलो तर मलाच विचारलं, "भाऊजी, दाढी आठवड्यातून किती वार?" मी दुसऱ्या दिवशी दाढी केली.

दुसऱ्या दिवशी काकींनी हुकूम सोडला, की एवढ्या काचा घेतल्यात तर बायकोचा एक फोटो काढा. सोनटक्केनं माणसांची काच चढवली. ती काच आणि तो डबा मिळून चित्र इतकं जवळ आणत, की बारा बाय दहाच्या खोलीत वहिनींचं नुसतं नाक मावू लागलं. तो मागं सरकला. दारातून बाहेर, ओट्यावर, ओट्यावरून खाली, अंगणात, शेवटी म्हशीला टेकला.

तात्या दात कोरत पाहत होते. "आवो, बायकूला बघाया येवढं लांब जायाचं आस्तंय व्हय?"

सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण दारातूनच म्हणाल्या, "त्यांना सवय आहे तात्या. सहा वर्षं लांबूनच बघायलेत."

सोनटक्केनं कॅमेरा खाली केला. "नको," म्हणाला. "साडीची कड कापली जायलीय. डबा आला की काढू."

वहिनी जायच्या आदल्या दिवशी त्यांना परिसर दाखवायचं ठरलं. ते दोघं मित्राच्या मोटरसायकलवर, मी माझ्या स्कूटरवर मागं. वाटेत भाताची कापणी चाललेली, कापलेल्या भाताचा उबट वास. रिह्याच्या अलीकडे वळणावर वहिनींनी सोनटक्केच्या खांद्यावर टकटक केलं. गाडी थांबली. रस्त्यावरून शाळा दिसत नव्हती, मधे करंजीची दाट झाडं होती.

"हीच ना रिह्याची?" वहिनी म्हणाल्या. "हातपंप मागच्या बाजूला. दुसऱ्या वर्गाचं छत गळतं. चढ आहे, पण बस फाट्यापर्यंत येते, सकाळी पावणेदहाला."

मी थक्क झालो. "वहिनी, तुम्ही इथं आला होतात?"

"नाही भाऊजी. ही चौदावी." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "कासार आंबोलीला बायकांना वेगळं स्वच्छतागृह आहे, पण पट मोठा. त्याच्या वरच्या वाडीत एकच शिक्षक, पण समोर भाड्यानं खोली मिळते, घरमालकीण चांगली. ह्यांनी सगळ्या शाळांचे फोटो पाठवलेत. खाली लिहून. बदली झाली तर कुठली मागायची ते आपल्याला ठाऊक असावं म्हणून."

सोनटक्के मोटरसायकलचा आरसा पुसत होता. सतराचा पाढा सहा वर्षं कशासाठी टिपला जात होता, ते मला त्या वळणावर कळलं. झाडाखाली बसून मी किती पुस्तकं वाचली होती, त्याचा मला फारसा अभिमान वाटला नाही.

शाळेला सुट्टी, आवारात कोणी नाही. वहिनींनी हातपंप हापसून पाहिला, पाणी पिऊन पाहिलं, छताकडे पाहिलं, खिडकीतून बाकं मोजली. गिऱ्हाईक घर पाहतं तसं सगळं पाहून झालं. मग व्हरांड्यात येऊन, सोनटक्केकडे न बघता म्हणाल्या, "यादी लागली. दिवाळीच्या आधीच. यंदाही नाव नाही."

सोनटक्केनं खांद्यावरची पिशवी काढून पायरीवर ठेवली.

"आल्या दिवशीच सांगणार होते. पण तुम्ही पडदे दाखवायला लागलात."

मी निघून जावं असं मला वाटलं, पण चपलांचा आवाज झाला असता. सोनटक्केनं हातपंपाकडे, करंजीकडे, मग नकाशाकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी नवीन आदेश..." एवढं म्हणून तो थांबला. ते वाक्य त्याला पहिल्यांदाच पुरं करता आलं नाही.

व्हरांड्यात काळा फळा होता. खिडकीच्या कट्ट्यावर खडूचा तुकडा होता. वहिनींनी पदरानं फळा पुसला आणि शाळेच्या वळणदार अक्षरांत वर वार लिहिला, दिनांक लिहिला. त्याखाली लिहिलं: पट २. हजर २. गैरहजर ०. मी त्या मोजणीत नव्हतो, आणि ते बरोबरच होतं. मग त्या फळ्याच्या शेजारी, हातात खडू तसाच धरून, ताठ उभ्या राहिल्या.

"काढा," म्हणाल्या. "कापू द्या काय कापतंय ते."

सोनटक्केनं पिशवीतून कॅमेरा काढला. या वेळी मागं सरकला नाही. पायरीवरच बसला, डोळ्याला लावला. रबरबँड एकदा चाचपला. बराच वेळ काही झालं नाही. शेतातून कोणीतरी कोणाला तरी जेवायला हाका मारत होतं.

"अहो सोनटक्के, दाबा की," मी शेवटी म्हणालो.

"थांबा सर." त्यानं कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. "दिसंना झालंय."

मी आभाळाकडे पाहिलं. ऊन लख्ख होतं.

"होऊ द्या सावकाश," वहिनी म्हणाल्या. "मी उभी आहे."