शेजाऱ्याची व्याख्या

आमचे शामुवेलमास्तर देवापुढेही भूमितीची शिस्त सोडत नसत. ताटावर बसले की डोळे मिटून सुरुवात, "पक्ष, प्रभू दयाळू आहे. साध्य, ही आमटी अंगी लागावी." मग सिद्धता. ती पुरी होईपर्यंत आमटी गार. आमेन म्हणायचे, पण त्याआधी 'हेच सिद्ध करायचे होते' असायचंच.

साताऱ्याच्या शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. घरंही भिंतीला भिंत लागून. एकदा हेडमास्तरांनी चहा पिता पिता त्यांची खोडी काढली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे झाले तीन, मग तुमचा देव एकच कसा? मास्तर म्हणाले, अनंतात अनंत मिळवा, पुन्हा एकदा मिळवा, उत्तर अनंतच. हेडमास्तरांनी लगेच मान्य केलं, कारण त्यांचा विषय इतिहास. ही सिद्धता चर्चमध्ये पोचली तेव्हा मात्र पाळकसाहेबांची झोप उडाली. असल्या भक्तापेक्षा एखादा नास्तिक परवडला, असं ते मला खासगीत म्हणाले.

नाताळात मास्तरांकडून आळीतल्या प्रत्येक घरी करंज्यांचं ताट जायचं. आळी मोठी उदार. ताट सगळे घेत. त्यातले खात किती आणि मोलकरणीच्या पदरात टाकत किती, हे न सांगितलेलं बरं. ताट परत करताना मात्र चिमूटभर साखर तरी जो तो घालायचा. रिकामं भांडं परत देऊ नये, एवढा धर्म आम्ही कसोशीनं पाळत होतो.

मास्तरांना एकुलती एक लेक, रूथ. बायको वारल्यावर त्यांनीच तिला वाढवलेली. तिनं कडेगावच्या एका शिक्षकाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा बौद्ध. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मास्तरांनी तिला दार बंद केलं. त्यानंतर ते आमटीपुढे एकटेच प्रार्थना करत. ती मला भिंतीतून ऐकू यायची, आणि खरं सांगतो, माझीही आमटी गार व्हायची.

असे दोन नाताळ गेले. तिसऱ्याला मी बहिणीकडे कडेगावला निघालो, तर मास्तर डबा घेऊन दारात हजर.

"फराळ शेजाऱ्याला द्यायचा, हे मान्य?"

मी मान्य केलं.

"शेजारी कोण, हे प्रभूनं सांगितलंय. त्यात अंतराची अट कुठंच न्हाई. म्हंजे कडेगावची बाईबी शेजारीणच. लेक म्हणून देत न्हाई मी, ध्यानात ठेवा."

गणितात माझी बोंबच, पण ही सिद्धता लंगडी आहे एवढं मलाही कळलं. मी डबा पिशवीत ठेवला.

रूथला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावला. मी डबा परत मागितला, तर म्हणाली, "रिकामा कसा देऊ, काका? आमीच घेऊन येतो."

आणि आली, ती नेमकी रविवारी. उपासना सुटलेली, पाळकसाहेब मास्तरांच्या ओट्यावर टेकलेले, आळीतली निम्मी माणसं दारात. रूथनं गुळानं भरलेला डबा ओट्यावर ठेवला. जावई पायरीखालीच थांबला. "जयभीम, मामा," म्हणाला.

मास्तरांच्या मंडळीत सलाम करतात. हेडमास्तरांच्या नमस्कारालाही ते सलामच करत आलेले. पाळकसाहेब त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सगळ्या आळीनं कान टवकारले.

मास्तर सावकाश उठले. "जयभीम," म्हणाले. "आत या. उन्हात का उभं ऱ्हायलाय?"

मग खुर्ची आणतो म्हणून आत गेले, ते बाहेर येईनातच. मी मागोमाग गेलो. स्वयंपाकघरात खुर्चीची पाठ धरून मास्तर रडत होते.

"ही तेवढी तुमी न्या," ते म्हणाले. "मला जरा वेळ लागंल. पोरीला म्हणावं, बाप चहा टाकतोय."